डिस्कला पाट मांडणारे वसंतभाई

आमच्या थळ गावात कुणाचा कॉम्प्युटर अडला की वसंतभाई आधी स्क्रीनकडे बघत नाहीत. माणसाकडे बघतात आणि विचारतात, "पाट मांडलास का?" नवखा माणूस जेवणाचं आमंत्रण समजून हात धुवायला उठतो.

वसंतभाई आमचे शेजारी. कारखान्यातून निवृत्त झाले आणि लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी फुकटात चालणाऱ्या प्रणालीच्या, नादी लागले. माणसं निवृत्तीनंतर काशीला जातात, हे लोकांच्या घरात शिरून जुन्या कॉम्प्युटरांवर लिनक्स चढवतात. माझ्या लॅपटॉपवरही चढवलं, मी नको नको म्हणत असताना. त्यांचं सगळं शास्त्र पंगतीचं. "डिस्क म्हंजे पाव्हणा. वायर लावली म्हंजे तो दारात आला. पन रिकामा फोल्डर करून त्यात बसवल्याबिगर तो घरात आला न्हाय. तो फोल्डर म्हंजे पाट. यालाच माऊंट करनं म्हंतात."

बर्फाच्या कारखान्यातलं कॉम्प्युटरचं मशीन एकदा नवं लिनक्स टाकल्यावर सुरूच होईना. मालकाने जुनी डिस्क काढून नेली होती आणि मशीन सुरू होताना तिचीच वाट बघत अडून बसत होतं. सुरू होताना कोणकोणत्या डिस्क बसवायच्या याची यादी असलेल्या फाइलमध्ये वसंतभाईंनी त्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' एवढा एक शब्द घातला. "आला तर पाट, न्हाय आला तर पंगत चालू," म्हणाले, आणि मशीन सुरू झालं. तिथून बाहेर पडले ते असे, की सगळा बर्फ यांनीच गोठवलाय.

म्हणून मला नवल वाटायचं ते त्यांच्या स्वतःच्या मशीनचं. आमच्या ओटीवरून त्यांची खिडकी दिसते. रोज सकाळी ते मशीन काळा पडदा करून एका डिस्कची वाट बघत बसायचं आणि समोर वसंतभाई चहा पीत बसायचे. चहा संपला की दोन बटणं दाबून पुढे जायचे. गावभर 'नोफेल' वाटणाऱ्याच्या घरी ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे. ते चहाचा पुढचा घोट घ्यायचे.

ती डिस्क कमळवैनींची, म्हणजे भाईंच्या बायकोची. वैनी गावातल्या धवलारीण, लग्नात धवले म्हणजे मंगलगाणी गाणाऱ्या. आमच्याकडे धवलारणीने धवले गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, आणि वैनींचे सगळे धवले भाईंनी त्या डिस्कवर भरून ठेवले होते. माझ्या लेकीला, सायलीला, वैनी लहानपणापासून सांगायच्या, "तुज्या हळदीला मीच गानार." गेल्या वर्षी त्या गेल्या. खारी हवा लागू नये म्हणून भाईंनी डिस्क तांदळाच्या डब्यात पुरली आणि पुन्हा बाहेर काढलीच नाही.

सायलीचं लग्न ठरलं आणि ती हटून बसली, धवला वैनीचाच हवा. मी भीतभीत भाईंकडे विषय काढला. ते उठून आत निघून गेले. मला वाटलं, संपलं.

हळदीच्या सकाळी ते डिस्क घेऊन आले. तिला तांदूळ चिकटलेले होते. माझ्या लॅपटॉपला वायर लावली, आज्ञा दिली, तर पडद्यावर चूक: जिथे बसवायचं ती जागाच सापडत नाही. सायली पाटावर, बायका हळदीने भरलेले हात घेऊन उभ्या. भाई मात्र निवांत. "पाट मांडायचा ऱ्हायला," म्हणाले. त्यांनी नवा फोल्डर केला, त्याला नाव दिलं कमळ, आणि पुन्हा आज्ञा दिली.

मांडवात वैनींचा आवाज आला. बायकांनी नेहमीसारखी मागून ओळ उचलली. सायली रडली, मी रडले. भाई स्पीकरची वायर पुन्हा पुन्हा तपासत होते. वायरीला काहीही झालेलं नव्हतं.

आवरताना मी म्हटलं, "भाई, तुमच्या मशीनलापण तो 'नोफेल' शब्द घाला की. रोज अडतंय बिचारं."

"ऱ्हाऊ दे गो," ते म्हणाले. "सकाळी आमी दोगं, मी नि त्ये मशीन, वाट बगतो. मी एकट्यानंच बगली तर लोकं येडा म्हंतील."

मग त्यांनी डिस्क रीतसर पाटावरून उतरवली, रुमालात गुंडाळली आणि घरी नेऊन पुन्हा तांदळात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा चहा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि त्या काळ्या पडद्यासमोर त्यांच्या शेजारी बसले.