मे महिन्यातला मफलर

आमच्या बिल्डिंगमध्ये ऋतू कधी बदलायचा हे समोरच्या फ्लॅटमधले साळुंकेकाका ठरवतात. सकाळी बेल वाजते. दार उघडावं तर पांढऱ्या बंडीत काका उभे.

"मॅडम, आजपासून काकडी अर्धी."

मी शाळेत शिकवते म्हणून मॅडम. एरवी आमच्या संवादात विद्यार्थी मीच असते. मी विचारते, "उरलेल्या अर्ध्या काकडीचं काय करू?" काका नीट विचार करतात आणि म्हणतात, "सासूबाईंना द्या. त्यांची प्रकृती वेगळी हाय."

काका वैद्य नाहीत. ते पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. जन्मभर कालव्याची दारं उघडली आणि बंद केली. पुढे कुठल्याशा शिबिरात त्यांनी ऋतुचर्या ऐकली, आणि तिच्यात ऋतुसंधी म्हणून एक प्रकार निघाला, तेव्हा त्यांना परमुलखात गाववाला भेटल्यासारखं झालं. एक ऋतू संपतो आणि दुसरा लागतो, त्यांच्या मधला पंधरवडा म्हणजे ऋतुसंधी. या काळात जुनं खाणं एकदम तोडायचं नाही आणि नवं एकदम धरायचं नाही. एक थोडं थोडं कमी करायचं, दुसरं थोडं थोडं वाढवायचं. "पाट एकदम सोडत नसतात, मॅडम. फुटतो." हे वाक्य काका काकडीला, चहाला, नव्या सुनांना आणि सरकारला सारख्याच निष्ठेनं लावतात.

खाली पार्किंगमध्ये सोसायटीचा फळा आहे. आमच्या शहरात नळ कधी येणार यापेक्षा मोठी बातमी नसते, त्यामुळे तो फळा झाडून सगळे वाचतात. काकांनी हे हेरलं. हल्ली फळ्यावर असं असतं : 'नळ परवा येईल. शिशिर संपत आला आहे. उडीद कमी करावेत.' सेक्रेटरींनी खालची दोन वाक्यं दोनदा पुसली. तिसऱ्यांदा ते स्वतःच काकांच्या दारात जाऊन मुळा अजून चालू आहे का, म्हणून विचारून आले.

गुरुवारी काका छावणीच्या बाजाराला जातात. एकदा मीही बरोबर होते. भाजीवाले हमीदभाई त्यांना बघताच म्हणाले, "आओ चचा. अब्बी क्या चालू है?"

"शिशिर."

"हौ? तो ये गाजर लेको जाव. एकदम शिशिर का माल है."

काकांनी दोन किलो गाजर घेतलं. पुढच्या गिऱ्हाइकालाही हमीदभाईंनी तेच सांगितलं. एप्रिलमध्ये त्याच पाटीवर ते वसंताचं कारलं विकत होते. काकांना वाटतं, बाजारात आपला एक शिष्य तयार झालाय. हमीदभाईंना काय वाटतं ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण ते काकांकडून कोथिंबिरीचे पैसे घेत नाहीत.

आमच्या सासूबाई मात्र बधल्या नाहीत. त्या सिल्लोडकडच्या, शेतातल्या. एकदा त्या म्हणाल्या, "भाऊजी, आम्ही रानात पिकलं ते खाल्लं. त्याला शिशिर म्हंत्यात हे काय ठावं नव्हतं बाई."

"तुमचं बरोबरच व्हतं, वैनी. फक्त तुम्हाला म्हाईत नव्हतं."

सासूबाईंनी त्यानंतर आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला होता. काकांनी तो प्रकृतीचा दोष समजून माफ केला.

पण काकांचं खरं वैर दह्याशी. उन्हाळ्यात अख्खं संभाजीनगर दह्यावर जगतं, आणि काका जिन्यात उभं राहून सांगतात की ताक प्या, दही नको, दही जिभेला थंड आणि पोटात उष्ण. हेमंतात, दिवसा, मुगाबरोबर, थोडंसं, एवढीच त्यांची सूट. रात्री तर कुठल्याच ऋतूत नाही. ग्रीष्मात त्यांच्या घरात दह्याची वाटीसुद्धा दिसता कामा नये.

त्यांच्या बायकोला, कुसुमकाकूंना, दही जीव की प्राण होतं. वर्षभरात दिवसा झोपायची परवानगी फक्त ग्रीष्मात आहे, आणि काका परवानगी वाया घालवत नाहीत. दुपारी ते आडवे झाले की काकू चपला न घालता हळूच समोर आमच्याकडे यायच्या. मी वाटीभर दही काढायची, वर चमचाभर साखर घालायची. काकू ओट्याशी उभ्या उभ्या खायच्या, वाटी स्वतः विसळायच्या आणि पदरानं तोंड पुसत म्हणायच्या, "ह्यांना सांगू नको हं." काकू गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. अजूनही मे महिन्यात त्या वेळेला माझी नजर दाराकडे जाते.

त्यांची एकुलती मुलगी पल्लवी. तिनं लहानपणी बापाला एकच अट घातली होती. "आधी तुम्ही, मग मी." पाडव्याला कडुनिंब असो, पावसाळ्यातला काढा असो, की थंडीतली कानटोपी. काका डोळ्याची पापणी न लववता मूठभर पाला चावायचे, मग ती एक पान खायची. एरंडेलाच्या बाबतीत तर काकांनी आपल्या वाट्याचं पिऊन झाल्यावर ती पळून जायची, आणि वाया जाऊ नये म्हणून काका तिच्याही वाट्याचं प्यायचे. मग दुसऱ्या दिवशी ऑफिसात रजेचा अर्ज.

मोठी झाल्यावर तिनं अट घालणं सोडलं आणि सरळ नाही म्हणू लागली. लग्न होऊन मेलबर्नला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, आपल्या घरात भूक लागली म्हणून कधी कुणी जेवलंय का? ऋतू आला म्हणून जेवलो आपण." हे मला काकांनीच सांगितलं. हसत सांगितलं, पण त्यानंतर बरेच दिवस फळ्यावर फक्त नळाच्या वेळा होत्या.

तर गेला मे महिना. शाळेला सुट्टी होती. भर दुपारी बाहेर डांबर मऊ झालेलं आणि आमच्या सासूबाई पाटावर बसल्या बसल्या एकदम ताठ झाल्या.

"उडदाचं घुटं शिजतंय कुठंतरी," त्या म्हणाल्या. "लसूण बी घातलाय बक्कळ."

"या उन्हात? कोण करणार?"

"खारकेची खीर पण हाय." सासूबाईंनी पुन्हा वास घेतला आणि समोरच्या दाराकडे बोट केलं. "भाऊजींकडं."

माझा विश्वास बसेना. उडीद, लसूण, खारीक, सगळा थंडीतला जड माल, तोही साळुंकेकाकांच्या घरात, ऐन ग्रीष्मात, त्यांच्या झोपेच्या वेळेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सुंठीचा वास आला. जिन्यात चर्चा सुरू झाली. सेक्रेटरी म्हणाले, काकांनी आयुर्वेद सोडला. सासूबाई म्हणाल्या, "सोडला कशाचा, डोक्यात ऊन चढलं म्हाताऱ्याच्या. जा, पन्हं देऊन ये आन् बघून ये."

दार नुसतं लोटलेलं होतं. आत कूलर बंद, पंखासुद्धा बंद. काका फुल बाह्यांचा स्वेटर घालून टेबलाशी बसले होते. गळ्यात लोकरीचा मफलर. समोर वाफाळतं घुटं, भाकरी, खीर. तांब्याला मोबाइल टेकवलेला आणि त्यात पल्लवी, तिच्याही पुढ्यात ताट.

"लई गारठा सुटलाय बघ, पलू," काका म्हणत होते. कपाळावरून घामाचा थेंब निघून नाकाच्या शेंड्याला येऊन थांबला होता. "तू पण कान बांध."

"बांधते. आधी तुम्ही."

काकांनी मफलर कानांवरून घेतला आणि हनुवटीखाली गाठ मारली. तेवढ्यात त्यांना मी दिसले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी पन्ह्याचं भांडं धरून भिंतीला लागून उभी राहिले. फोन ठेवेपर्यंत त्यांनी दोन भाकऱ्या आणि वाटीभर खीर संपवली. मला नुसतं बघूनच गुदमरलं.

मग त्यांनी पंखा लावला, पन्हं एका दमात प्यायले आणि सांगितलं. पल्लवीला आठवा महिना लागला होता. तिकडे थंडी सुरू झाली होती. जावयांना रात्रपाळी, त्यामुळे संध्याकाळी ती एकटी. तिची जेवायची वेळ म्हणजे आपली टळटळीत दुपार.

"एकटी असली की पाव खाऊन झोपती. जेव म्हणलं की जेवत नाय. तिची लहानपणची रीत म्हाईत हाय ना तुम्हाला? मग म्हणलं, आपणच हेमंत धरू. मी हे खाल्लं की ती बी खाती."

"पण तिला कळत नाही का, इकडं मे महिना आहे?"

"अवकाळी झाला म्हणून सांगितलंय. गारा पडल्या म्हणलं."

"रोज?"

"मराठवाड्याचा काय भरवसा, मॅडम."

मी विचारलं, "आणि बाळंतपणाला? काकू नाहीत. तुम्ही जाणार ना?"

काकांनी मफलर सोडला आणि बेसिनमध्ये पिळला. पाणी निघालं. "नको म्हणली. हितं सगळं दवाखान्यातच बघत्यात म्हणली." मफलर झटकत म्हणाले, "पासपोर्ट तयार हाय. व्हिसा बी आलाय. उद्या या म्हणली तर अंग तयार पाहिजे का नको? ग्रीष्मातून एकदम हेमंतात उतरलो तर पाट फुटायचा. म्हणून आत्तापासनं थोडं थोडं."

म्हणजे न आलेल्या बोलावण्याची ऋतुसंधी चालली होती. मी म्हटलं, "तुम्ही बाप आहात काका, सरळ जा. बोलावणं कशाला हवं?"

"आजवर तिचं सगळं न इचारताच केलं मी," काका म्हणाले. "हे तिनं बोलावल्यावर."

त्यानंतर मी रोज दुपारी पन्हं घेऊन जायचे आणि मोबाइलच्या मागे, तिला दिसणार नाही अशी बसायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी काका "काय थंडी, काय थंडी" म्हणता म्हणता थांबले. नाकातून रक्ताची धार मफलरवर आली.

"बाबा! रक्त!"

"काय नाय, घोळणा फुटलाय जरासा."

मी ओला नॅपकिन घेऊन धावले आणि सगळीच्या सगळी पडद्यावर आले : सुती गाऊन, खोचलेले केस, घामानं निथळलेली.

"ताई? तुम्ही अशा का? तिकडं गारठा आहे ना?"

मी वर्गात रोज खोटं बोलू नका म्हणून सांगते, त्यामुळे वेळ आली की मला एकही सुचत नाही. "बेचाळीस आहे गं," मी म्हटलं. "सावलीत."

पल्लवीनं हातातला घास खाली ठेवला. बापाचा स्वेटर बघितला, मफलर बघितला, बंद पंखा बघितला. "बाबा, इतके दिवस तुम्ही हे..."

"हळूहळूच धरलंय गं," काका डोकं मागं करून, नाक चिमटीत धरून म्हणाले. "एकदम नाय."

ती आधी हसली. मग तिला रडू आलं आणि ते बराच वेळ थांबलं नाही. काका तसेच छताकडे बघत बसले होते. शेवटी ती डोळे पुसून म्हणाली, "बाबा, मला दही खावंसं वाटतंय. फ्रीजमध्ये आहे. रोज काढते, तुमचा आवाज येतो, झाकण लावते."

काकांनी मान सरळ केली. विचार केला. "तिकडं हेमंत हाय. हेमंतात दिवसा चालतं."

"इथं अंधार पडलाय, बाबा. रात्र आहे."

हेमंत, पण रात्र. काकांच्या तोंडून 'नाय' निघणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"भूक लागली का तुला?" काकांनी विचारलं.

"हो."

"मग खा."

ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आधी तुम्ही, मग मी."

काका माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्याकडं दही असंल ना?"

मी चपला न घालता धावले. वाटी भरून आणली. सवयीनं वर साखरही घातली. काकांनी पहिला चमचा कडुनिंबासारखा, पापणी न लववता घेतला. दुसरा जरा सावकाश. तिसऱ्याच्या वेळी तिकडे पल्लवीचाही डबा उघडला होता. दोघं नुसती खात होती.

"बाबा," ती म्हणाली, "या ना तुम्ही. मला एकटीला भीती वाटतेय."

काकांच्या तोंडात दही होतं. त्यांनी मान हलवली. फोन बंद झाला तरी ते मान हलवतच होते.

मग त्यांनी स्वेटर काढला, कूलर लावला आणि वाटीच्या तळाशी राहिलेलं बोटानं निपटून खाल्लं.

"साखर वरूनच घातली तुम्ही. कालवली नाय," ते म्हणाले. "कुसुमला तशीच लागायची."

"तुम्हाला माहीत होतं?"

"ग्रीष्मात दिवसा झोप चालती, मॅडम. पण मला दुपारची झोप कधी लागलीच नाय. डोळे मिटून पडायचो, ती जाऊन येईस्तोवर."

काका वाटी घेऊन ओट्याशी गेले, स्वतः विसळली आणि पालथी घातली.

"आमच्याकडं विरजण तीच लावायची," ते तिकडेच बघत म्हणाले. "मला फक्त केव्हा खायचं नाय तेवढं येतं. दूध कितपत कोमट लागतं, सांगता का?"

मी सांगितलं, करंगळी बुडवली तर सोसली पाहिजे, एवढंच. काकांनी मान डोलावली आणि दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं.