चौथ्या मजल्यावरचा नवा कॉक

यंदा आंबवायला घातलेला कोबी नासू द्यायचा नाही, एवढंच मी ऑक्टोबरात ठरवलं होतं. एवढ्या साध्या निश्चयातून माणूस किती बदनाम होऊ शकतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

चीनच्या ईशान्य टोकाला, आमच्या जियामुसीत थंडीच्या तोंडावर घरोघरी कोबीचा रांजण भरतात. आमचा लहान खोलीत असतो. गेल्या वर्षी त्या खोलीतला गरम पाण्यावर चालणारा रेडिएटर असा तापला, की आठ दिवसांत कोबी कुजला आणि माझी बायको यूझेन वसंतापर्यंत दर जेवणाला त्याची आठवण काढत राहिली. (जणू मीच उठून रांजणाखाली जाळ घालत होतो.) रेडिएटर बंद करावा, तर त्याचा कॉक वीस वर्षांपूर्वी गंजून उघडाच अडकलेला. इमारतीला गरम पाणी पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला.

"उघडा आहे ना? मग तक्रार कसली?" तिथली मुलगी म्हणाली.

माझं टाळकंच सरकलं. दुकानात जाऊन नवा पितळी कॉक घेऊन आलो. गरम पाण्याचा हंगाम सुरू व्हायचा होता, नळ्या रिकाम्या होत्या. रविवारी पाना घेऊन बसलो. जुना कॉक हलेना. त्याला शिव्या दिल्या, हातोडीने ठोकलं, पुन्हा शिव्या दिल्या. तीन तासांनी तो निघाला आणि त्याच्यामागून वाटीभर काळं पाणी माझ्या पायमोज्यात शिरलं. पण नवा कॉक असा बसला, की एका बोटाने फिरावा.

पंधरा नोव्हेंबरला गरम पाणी सुटलं. सतराला मी ऐटीत कॉक बंद केला. खोली गार, कोबी सुरक्षित, यूझेन चक्क हसली.

अठराला सकाळी खालच्या मजल्यावरच्या ग्वान मावशी आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात दोन स्वेटर. आम्ही दोघं कामावर जायचो तेव्हा आमची मुलगी यांनीच वाढवली, त्यामुळे मला त्या आईच्या जागी.

"छुई, माझ्या झोपायच्या खोलीत नुसता बर्फ झालाय रे," त्या म्हणाल्या. "गुडघे धरलेत. म्हटलं तुला विचारावं, तुझ्याकडे काही..."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "मावशी, तुम्ही बसा. म्हाताऱ्या माणसाला गारठवतात म्हणजे काय? बघतोच त्या कंपनीकडे."

"तसं नाही रे. तुझ्या खोलीत ते जे..."

"माझ्या खोलीचं सोडा. मला गारच हवी आहे. प्रश्न तुमचा आहे."

फोनवर अर्धा तास ओरडलो. दुसऱ्या दिवशी मावशी मोमोची ताटली घेऊन आल्या. "छुई, या नळ्या सगळ्या घरांतून एकच जातात ना रे?"

"जातात ना. म्हणूनच तर कंपनी सगळ्यांना जबाबदार आहे," मी म्हणालो, आणि मोमो खाऊन पुन्हा फोन लावला.

तिसऱ्या दिवशी मी रीतसर अर्ज लिहिला. 'कुणा खोडसाळ इसमाने पाणी अडवले असल्यास त्यास सक्त समज द्यावी,' असं ठासून लिहिलं आणि जिन्यातल्या सहाही घरांच्या सह्या घेतल्या. सह्या करताना सगळे माझ्याकडे टक लावून बघत होते. (मला वाटलं, आदराने.)

चौथ्या दिवशी कंपनीचा थोंग मिस्त्री आला. वरच्या मजल्यापासून आम्ही उतरत निघालो. प्रत्येक घरात मी त्याच्याआधी घुसायचो आणि नळीकडे बोट दाखवून कंपनीचा उद्धार करायचो. माझ्या दारापाशी आल्यावर म्हणालो, "इथं बघायची गरज नाही. मी तक्रारदार आहे."

"तक्रारदाराचं घर तर आधी बघायचं असतं, दादा. तुमच्या आरडाओरड्यात राहूनच गेलं."

यूझेनने दार उघडलं. "या ना. यांनी स्वतः नवीन कॉक बसवलाय, बघा तरी."

थोंग लहान खोलीत उकिडवा बसला. कॉककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एका बोटाने कॉक फिरवला. नळीत खळखळ झाली. जरा वेळाने खालून मावशींचा आवाज आला, "आलं रे, आलं."

"एकच नळी आहे, दादा," थोंग म्हणाला. "पाणी सहाव्या मजल्यावरून एकेका रेडिएटरमधून खाली उतरतं. तुम्ही मध्येच अडवलं, की वरचे-खालचे सगळे थंड. तो जुना कॉक गंजला होता म्हणून सहा घरं उबेत होती."

एव्हाना दारात सगळा जिना जमला होता. मावशीही चढून आल्या. मला अजून राग उरला होता, तो मी त्यांच्यावर काढला. "मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तीन दिवस तेच सांगायला येत होते," मावशी म्हणाल्या. "जिन्यात सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू त्या रविवारी तीन तास ठोकत होतास, ते काय कुणी ऐकलं नाही? पण चारचौघांत तुझी मान खाली जायला नको, म्हणून सगळे गप्प बसले. मी आपली आडून आडून सांगायला बघत होते. तर तू माझ्यासाठीच एवढा चिडलास, की मध्ये शब्द घालायला फट मिळेना. मग म्हटलं, पोरगं आपल्यासाठी भांडतंय, भांडू दे."

त्यांनी स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून घेतल्या होत्या. ते बघून मला जन्मात पहिल्यांदा स्वतःचाच संताप आला, आणि तो काढायला कुठला फोन नंबर नव्हता.

कॉक उघडाच ठेवला. दहा दिवसांनी कंपनीतल्या त्याच मुलीचा फोन आला.

"तक्रारीचं निवारण झालं का?"

"झालं."

"तो खोडसाळ इसम सापडला?"

"सापडला."

"अर्जात सक्त समज द्यायला सांगितलंय. तो फोन उचलत नसेल तर आम्ही त्याच्या घरच्यांशी बोलतो. चालेल?"

मी लहान खोलीकडे बघितलं. यूझेन माझ्याकडे पाठ करून रांजणातला नासका कोबी उपसत होती.

"तुम्हीच बोला," मी म्हणालो. "त्याच्या घरचं माझ्याशी कुणी बोलत नाहीये."