संथ, डी मायनर, शोकमग्न

गोटीरामशेठच्या पहिल्या पुण्यस्मरणाला भजनी मंडळ नको, असं त्यांच्या मुलानं, दीपकनं, ठरवून टाकलं. दीपक द्राक्षांच्या प्रदर्शनासाठी दहा दिवस जर्मनीला जाऊन आला होता आणि तेव्हापासून त्याला नाशिकमधली प्रत्येक गोष्ट जरा गावठी वाटायची. दुःखसुद्धा. म्हणून त्यानं वडिलांनी काढलेल्या शाळेतल्या संगीतशिक्षिकेला, हर्षालीला, बोलावून घेतलं.

"मॅडम, व्हायोलिनवर काहीतरी क्लासचं वाजवा. लोकांना रडू आलं पाहिजे, पण डिसेंट."

शाळेत लागून हर्षालीला सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत 'स्वागतगीत बसवा' यापलीकडे तिच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. तिनं व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठी दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका कॉन्चेर्टोतला मधला संथ भाग निवडला आणि तीन महिने घासला. मागे वाजायला ऑर्केस्ट्रा मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून नुसत्या साथीचं रेकॉर्डिंग मिळवलं. निवेदकासाठी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं : 'लय अतिसंथ. पट्टी डी मायनर. भाव शोकमग्न. कालावधी नऊ मिनिटे.'

दीपकनं त्यातली शेवटची ओळ तेवढी वाचली. तीही कार्यक्रमाच्या दिवशी, गंगापूर रोडच्या हॉलमध्ये चारशे माणसं येऊन बसल्यावर.

"नऊ मिनिटं? मॅडम, आमदारसाहेबांना बारा वाजता सायखेड्याला उद्घाटन आहे. सहात बसवा."

"अहो, यातलं काही कापता येत नाही."

"मग लय वाढवा ना."

"लय वाढवली तर भाव जाईल."

"भाव आम्ही देतोय की तुम्हाला!"

हर्षालीनं ठाम नकार दिला आणि ती स्टेजकडे गेली. दीपकनं मान डोलावली, कारण मान डोलवायला पैसे पडत नाहीत. मग तो साउंडवाल्या हबीबभाईंकडे वळला. हबीबभाईंच्या साउंडवर तीस वर्षं शहरातल्या हळदी आणि वराती गाजत होत्या. संथ काही वाजवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"कापायचं कशाला, दीपकशेठ? रेकॉर्डिंग पळवू ना," ते म्हणाले. "नऊचे सहा, एका बटनात. आवाज जरा बारीक होतो. पब्लिकला नाय कळत."

निवेदकानं आवाज खाली नेऊन 'अतिसंथ, शोकमग्न' असं वाचलं. 'डी मायनर'पाशी त्याला हुंदकाच आला. हर्षालीनं डोळे मिटले.

आणि स्पीकरमधून ऑर्केस्ट्रा उधळला. खर्जातले गंभीर बास चिमण्यांसारखे चिवचिवत होते. हर्षालीनं खाडकन डोळे उघडले. हबीबभाईंनी कोपऱ्यातून अंगठा दाखवला.

तिची सुरुवात यायला चार-पाच सेकंद उरले होते. तेवढ्यात तिच्या कानानं हिशोब लावला : पळवल्यानं पट्टी डी मायनरवरून थेट ए मायनरवर चढली होती, म्हणजे बरोबर एक तार वर. बोटं तीच, फक्त शेजारच्या तारेवर ठेवायची. ती तशी निघाली आणि अर्धं मिनिट निभावलंही. मग सुरावट मुळातच सगळ्यात वरच्या तारेवर गेली. तिच्याही वरची तार व्हायोलिनला नसते. तिचा डावा हात सरकत सरकत पार गजापाशी पोचला. गज तर असा पळत होता, की पहिल्या रांगेतल्या साहेबांनी चष्मा पुसून परत लावला.

शोक साधारण दुसऱ्या मिनिटाला संपला. तिसऱ्या रांगेत एक पाय ठेका धरू लागला, मग अख्खी रांग. चौथ्या मिनिटाला मागून टाळ्यांचा ताल सुरू झाला. हाराखालच्या फोटोत गोटीरामशेठ तेवढे गंभीर राहिले. शेवटचा सूर थांबला तेव्हा एक जण "वन्स मोअर!" असं ओरडला आणि बायकोनं कोपर मारल्यावर "भावपूर्ण श्रद्धांजली" म्हणाला.

वाचलेल्या तीन मिनिटांत साहेबांनी पाऊण तासाचं भाषण केलं. गोटीरामशेठ वेळेचे किती पक्के होते, हा विषय होता.

"मॅडम, एक नंबर!" जेवणाकडे धावणाऱ्या गर्दीतून दीपक म्हणाला. "आमच्या पोरीच्या, सायलीच्या, साखरपुड्याला हेच ठेवू."

हर्षाली स्टेजवरच व्हायोलिन पुसत बसली. डिसेंट रडू अखेर आलं, पण तिला एकटीलाच.

"पोरी," समोरून हाक आली. पहिल्या रांगेत गोटीरामशेठच्या पत्नी मंगलाबाई अजून बसल्या होत्या, शेजारी सून. "तो बाबा तर संथ म्हनला. मला लगीनघाई वाटली."

"चुकलं, काकू. ते तसं नाहीये मुळात."

"मग कसं हाय?"

"आता साथ नाही. एकट्या व्हायोलिनवर फार हळू वाटेल. कंटाळाल तुम्ही."

"वाजव. मला कुठं जायचंय?"

हर्षालीनं वाजवलं. डी मायनर, अतिसंथ, एकेक सूर जितका लांब हवा तितका. वायरी गुंडाळणारे हबीबभाई हातातली वायर तशीच धरून खुर्चीवर टेकले. ती मध्यावर आली, तेव्हा तिला एक परका सूर ऐकू आला. तो पट्टीत बसत नव्हता. तिनं पाहिलं, तर मंगलाबाईंची मान सुनेच्या खांद्यावर कलली होती आणि त्या घोरत होत्या.

झालं. चारशे माणसं नाचली आणि ज्या एका बाईनं स्वतःहून मागून घेऊन ऐकलं, ती झोपली. हर्षालीनं गज खाली घेतला.

"थांबू नका मॅडम!" सून जिवाच्या आकांतानं कुजबुजली. "मामंजी गेल्यापासून गोळी घेतल्याशिवाय डोळा लागलेला नाही यांचा."

तेवढ्यात दार ढकलून दीपक डोकावला. "मॅडम, चला, पंगत..."

हबीबभाईंनी उठून, ओठांवर बोट ठेवत, त्याला बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

हर्षालीनं गज पुन्हा तारेवर ठेवला आणि पहिल्यापासून सुरू केलं. आणखी हळू.