पाखरांचं तिसरं पोतं

थर्लो पिक्रेल स्वतःची ओळख करून द्यायला लागला की समोरच्याला पळता येत नसे, कारण त्याच्या गळ्याभोवती पांढरं फडकं आवळलेलं असे आणि गालाला वस्तरा टेकलेला असे. "गॅरिटी गावात न्हावी एकच," थर्लो सांगे, "आणि गुप्तहेरही एकच. योगायोगानं दोघंही मीच. खुर्चीत बसलेल्या माणसाची नुसती मान बघून मी सांगतो, त्यानं सकाळी काय खाल्लं आणि बायकोशी त्याचं पटतं की नाही. माझ्या नजरेतून सुटेल, असं अजून काही घडायचंय." न्याहारी तो बहुतेक वेळा बरोबर ओळखे. ती गिऱ्हाइकाच्या मिशीलाच लागलेली असे.

ही विद्या त्यानं टपालानं मागवली होती. बारा धडे, एक भिंग आणि एक पितळी बिल्ला. त्यातला सातवा धडा वाटेतच हरवला होता आणि तो कुणी हरवला याचा तपास गेली चार वर्षं चालू होता.

हे सगळं रोज ऐकून घेणारा माणूस म्हणजे त्याचा मेहुणा वेंडेल. बायकोचा धाकटा भाऊ, वय अडतीस, लग्न नाही, कोंबडीखाद्याच्या दुकानात पोती उचलायची नोकरी. दाजींची वही धरायची, दाजींना दुकानाच्या गाडीतून फिरवायचं आणि दाजींनी ज्यांच्यावर आळ घेतला त्यांची मागाहून जाऊन माफी मागायची, अशी त्याची मदतनिसाची कामं. माफी मागण्यात त्याचा हात चांगला बसला होता.

पण या खेपेला प्रकरण वेंडेलचंच होतं, आणि त्याला हसू येत नव्हतं.

कोंबड्यांचं खाद्य तेव्हा छापील सुती पोत्यांतून यायचं. आत भरडा, बाहेर फुलं. बायका खाद्य डब्यात ओतत, पोतं उसवत, उकळत, उन्हात घालत आणि आठवडा संपायच्या आत ते कुणाच्या तरी अंगावर दिसे. पोत्याची शिवण सोडून निघालेला दोरा गुंडाळून ठेवत आणि त्याच दोऱ्यानं टेबलाचे रुमाल विणत. पायमशीनवर बसलं की गुणगुणत:

एक पोतं उशीला, दोन पोती बाळाला,
तिसरं जुळेल तेव्हा गं, झगा माझ्या मैनेला.

खरी गोम त्या तिसऱ्यात होती. मोठ्या बाईच्या झग्याला एकाच छापाची तीन पोती लागतात, आणि गिरणीवाले कुठला छाप किती पाठवतील याचा नेम नाही. म्हणून दुकानात आलेली प्रत्येक बाई नेमकं ढिगाच्या तळातलं पोतं मागे. वेंडेल वरची अकरा हलवून खालचं बारावं काढून देई आणि चकार शब्द काढत नसे.

मार्चमध्ये एक छाप आला. निळ्या जमिनीवर पिवळ्या छातीची पाखरं. कुंपणाच्या खांबावर बसून शाळेच्या खिडकीबाहेर गातात, तीच. शाळेच्या बाई लोरिना वेझी एकदा त्याला म्हणाल्या होत्या, "ही गायला लागली की मी पाढे थांबवते." एवढ्यावरून वेंडेलनं ती पाखरांची तीनही पोती ओट्सच्या पोत्यांमागे दडवली. लोरिना चौतिशीची होती, आईला सांभाळत होती आणि चाळीस कोंबड्या पाळून होती. ती म्हणाली, "तीन पोती माझ्या दारात आली की मी झगा शिवीन, वेंडेल, आणि शिवून झाला की नाचाच्या शनिवारी तुझ्याबरोबर येईन." दाजी सोडले तर वेंडेलशी इतकं लांब वाक्य आजवर कुणी बोललं नव्हतं.

शनिवारी गाडी बारा घरांना खाद्य देत निघाली. लोरिनाचं घर शेवटचं. तिथं पोचल्यावर गाडीत पाखरांची दोनच पोती होती.

लोरिना रागावली नाही, हेच वाईट झालं. "असू दे," ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल." त्या 'दुसऱ्या कुणाला' मधून वेंडेलला कळलं, ते पोतं त्यानं दुसऱ्या बाईला दिलं असं तिला वाटतंय. दोन पोत्यांत घेर झाला, अंग झालं. बाह्यांविना झगा लोरिनाच्या दारामागे खिळ्याला लटकून राहिला आणि नाच दोन आठवड्यांवर आला.

"पहिला नियम," थर्लो म्हणाला, "गुप्तता. तू, मी आणि त्या बाई. डेसीला अवाक्षर नाही. तुझी ताई आहे, माझी बायको आहे, पण बाई आहे. तिला कळलं की गावाला कळलं, आणि गावाला कळलं की चोर सावध."

"पण दाजी, कापडातलं ताईला कळतं."

"म्हणूनच." थर्लोनं वही उघडायला लावली. "बारा घरं. त्यातलं एक वगळ, तिथं गुप्तहेर राहतो. उरली अकरा."

वेंडेलनं अकरा लिहिलं.

पहिला पुरावा गाडीतच मिळाला, एक पीस. थर्लोनं ते भिंगाखाली धरलं आणि गंभीर आवाजात जाहीर केलं की गुन्हेगार कोंबड्या पाळतो. त्या तालुक्यात कोंबड्या न पाळणारा माणूस एकच होता आणि तो वारला होता. दुसऱ्या दिवशी गुन्हेगार डावखुरा ठरला, तिसऱ्या दिवशी दोन गुन्हेगार ठरले, त्यातला एक लंगडा. चौथ्या दिवशी लोरिनानंच स्वतःचं पोतं चोरलं असावं, अशी शंका निघाली. ती वेंडेलनं वहीत लिहायचं नाकारलं, तेव्हा त्याच्यावरच संशय आला.

"पोती उतरत होती तेव्हा तू कुठे होतास?"

"गाडीत, दाजी. तुमच्या शेजारी. आपल्या घरचं पोतं तर तुम्हीच उतरवून नेलंत, हातात गुप्तहेरीचा धडा होता, वाचत वाचत."

"ते विषयाला सोडून आहे." थर्लोनं जागेवर चुळबूळ केली. "काहीतरी खटकतंय, वेंडेल."

"प्रकरणात?"

"नाही, चड्डीत. तुझ्या ताईनं नवीन शिवली आहे. शिवण बोचते."

रविवारी ताईकडे जेवायला बसल्यावर डेसीनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. आठ दिवस हे दोघं लोकांच्या मागीलदारी का वाकून बघत फिरतात, असं तिनं विचारलं. थर्लो म्हणाला, ते बायकांच्या समजण्यातलं नाही. काही हरवलंय का, शिवणटिपणीतलं आहे का, असं तिनं पुन्हा विचारलं. वेंडेलनं तोंड उघडलं आणि टेबलाखाली दाजींचा बूट त्याच्या पायावर पडला. "घेवडा वाढ," थर्लो म्हणाला. डेसीनं वाढला. जरा जोरात वाढला.

सोमवारी थर्लोचं दुकान बंद असे आणि सोमवारीच गावभर धुणं पडे. या दोन गोष्टींची गाठ घालायला त्याला नऊ दिवस लागले. "सोमवारी हे गाव आपली पापं दोरीवर वाळत घालतं," तो म्हणाला. "पोत्याचं कापड कुठल्या तरी दोरीवर असणारच." अकरा मागीलदारं त्यानं कुंपणाकुंपणानं पालथी घातली. दहा दोऱ्यांवर गुलाब होते, ठिपके होते, एका आजोबांच्या बनियनवर गिरणीचं नाव न धुता राहिलं होतं. पाखरं नव्हती. वेंडेल मागून चालत होता. आपण काय शोधतोय तेच त्याला आता कळेना. पोतं मिळालं तरी लोरिनाचा तो 'दुसऱ्या कुणाला' परत कसा घ्यायचा?

अकरावी दोरी पाद्रीबाबांच्या बायकोची, ब्यूला टॅन्सलेची. पांढऱ्या चादरीमागून निळी किनार हलत होती.

"पाद्रीणबाई," थर्लो कुजबुजला. "सगळं जुळतंय. डावखुरी आहे."

"उजव्या हाताची आहे, दाजी."

"लपवते."

तो काटेरी तारांच्या मधून आत शिरायला वाकला. तोंड अंगणात, पोट मधल्या तारेवर, बाकीचा ऐवज बाहेर. निळी किनार पाद्रीबाबांच्या झोपायच्या सदऱ्याची निघाली, हे त्याला तिथूनही दिसलं. तो घाईनं मागे सरला आणि टर्रकन आवाज झाला. आवाज बराच लांबला.

चादरींच्या घड्या करायला ब्यूलाचे हात आता वळत नसत, म्हणून सोमवारी शाळा सुटली की लोरिना तिच्या मदतीला यायची. त्या दोघी धुण्याची टोपली घेऊन नेमक्या कुंपणाबाहेरच्या वाटेनं आल्या आणि थांबल्या.

"थर्लोभाऊ," लोरिना म्हणाली, "हलू नका. सापडलं."

"चोर?"

"पोतं."

"कुठाय?"

ब्यूलानं दातांतले चिमटे काढून खिशात टाकले. "तुम्हाला नाही दिसायचं. तुमची पाठ आहे तिकडं."

वेंडेलनं बघितलं. फाटक्या तपकिरी विजारीतून निळं आभाळ उघडलं होतं आणि त्यात पिवळ्या छातीची पाखरं काटेरी तारेवर ओळीनं बसली होती. अगदी खऱ्यांसारखी. गायचीच काय ती बाकी होती.

तारेत अडकलेल्या थर्लोनं अंमळ विचार केला. "मला संशय होताच," तो म्हणाला. "घरभेदीच असणार."

चादरीत गुंडाळून त्याला गाडीत घातलं आणि चौघं डेसीपुढे जाऊन उभी राहिली. हकीकत ऐकताना डेसीनं कॉफीची किटलीसुद्धा खाली ठेवली नाही.

"मला विचारलं असतं, तर ही कॉफी उकळायच्या आत सांगितलं असतं," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही आणलंत ते पोतं. मी मागितलेल्या पांढऱ्या पोत्याच्या जागी हे आलं. बघून जीव हरखला, पण एकच होतं. एका पोत्याचा झगा होतो का? म्हटलं, ह्यांची चड्डी होईल. कापड देखणं होतं, वाईट वाटलं. पण बघणार कोण? ह्यांनी स्वतःसुद्धा नाही बघितलं. पाच दिवस घालून हिंडतायत."

थर्लो वाचत वाचत कपडे चढवत असे, ही गोष्ट तपासात धरायची राहून गेली होती.

वेंडेल लोरिनाकडे वळला. कानापर्यंत लाल झाला होता. "मी कुणाला दिलं नव्हतं," तो म्हणाला. त्याच्या मानानं ते भाषण होतं.

"दिसलं ते," लोरिना म्हणाली. "मी वेडी, चर्चमध्ये एकेकीचा झगा न्याहाळत बसले. तुझ्या दाजींकडे बघायचं नाही सुचलं." ओठ घट्ट मिटून ती एवढं बोलली, आणि मग ते मिटलेले राहिले नाहीत. ती हसत खुर्चीवरच बसली.

तोवर डेसीनं पडद्याआडून चड्डी मागवून घेतली होती आणि खिडकीच्या उजेडात धरून ती दोन्ही बाजूंनी बघत होती. "बूड गेलं," ती म्हणाली. "पाय मात्र धड आहेत. गुडघ्यापर्यंत." मग लोरिनाच्या दंडाकडे तिनं शिवणाऱ्या बाईच्या नजरेनं बघितलं. "तुमच्या कशाच्या राहिल्यात म्हणालात? बाह्याच ना?"

वेंडेल पायाखालच्या फळ्या मोजायला लागला. चड्डीच्या बाह्या घालून कुठली बाई नाचाला येईल?

लोरिनानं कापड हातात घेतलं, अंगठ्यानं एका पाखरावरची सुरकुती सारखी केली. "उकळलंय का?" तिनं विचारलं.

"दोनदा."

"तिसऱ्यांदा उकळा," लोरिना म्हणाली, "आणि कात्री द्या."

रात्रीपर्यंत मशीन खडखडत होतं. डेसी गुणगुणत होती आणि गाण्याची शेवटची ओळ बदलली होती:

एक पोतं उशीला, दोन पोती बाळाला,
तिसरं हिंडून आलं गं, अकरा घरांच्या दाराला.

नाचाच्या शनिवारी खळ्याशेजारच्या कोठारात फिडल वाजलं आणि लोरिना निळ्या झग्यात आली. आखूड, फुगीर बाह्या. बायका कौतुकानं जमल्या, पाखरं जुळवली कुठून म्हणून विचारायला लागल्या. ब्यूला टॅन्सले भिंतीशी थर्लोच्या शेजारी बसली होती. थर्लोनं पांढऱ्या पोत्याची जुनी चड्डी घातली होती आणि वहीत लिहीत होता, "प्रकरण निकाली. मुद्देमाल गुप्तहेरानं अखेरपर्यंत नजरेआड होऊ दिला नाही." ब्यूलानं ते वाचलं. पाद्रीबाबांच्या घरात राहून तिला गुपितं पोटात ठेवायची सवय होती. ती एवढंच म्हणाली, "तुमच्यापेक्षा तिला शोभतंय हो, थर्लो."

वेंडेलला नाचता येत नव्हतं. त्याचा हात लोरिनाच्या बाहीपाशी गेला आणि तिथंच थबकला.

"काय झालं?"

"वाईट नाही ना वाटत तुम्हाला?" त्यानं विचारलं. "म्हणजे, या बाह्यांचं."

लोरिनानं त्याचा हात उचलला आणि पाखरांवर नीट ठेवला. "फार सोसलंय रे त्यांनी," ती म्हणाली. "आता जरा नाचू दे."