आधी तुम्ही, सासूबाई

यंदा अठरा सप्टेंबरला, आमच्या राष्ट्रीय सणाला, मी सासूबाईंच्या पाचात होतो. हे वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली!

आमच्या डोंगरावरच्या सगळ्यांत उभ्या, बर्फाच्या उतारावर पाचजण एकदमच चढतात. आडव्या दांड्याला पाच थाळ्या टांगलेल्या. त्या मांड्यांत धरायच्या, पायांत स्की, आणि तार सगळ्यांना ओळीने सरळ वर खेचते. मधोमध सासूबाई दोन्या एर्मेलिंदा, शेजारी माझी बायको पास्काला, दोघे मेहुणे आणि सासरे, असा त्यांचा ठरलेला पाचाचा संच. मी खाली एम्पनादांची, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्यांची, टोपली राखायचो. पण यंदा सणाचा नाच नाचताना सासऱ्यांनी गुडघा मोडून घेतला.

"जमेल ना, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

"डोळे मिटून!"

"उघडेच ठेवा."

"आणि टोपली?" पास्काला म्हणाली.

"तारेखाली बर्फात ठेवतो. तिला काय होतंय?"

आता आमच्या घरची रीत ऐका. सासूबाईंच्या आधी कुणी दारातून आत जात नाही, चहाच्या कपाला हात लावत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी त्यांच्याआधी पावाचा घास घेतला, तर ते मला ईस्टरपर्यंत ऐकावं लागलं. तेव्हापासून एकच धडा मी गिरवलाय, सासूबाई आधी.

वर तार थांबली. तिथला नियम असा की कडेच्या दोघांनी एकदम सुटायचं, मग आतल्या दोघांनी, मधल्याने शेवटी. त्या कडेचा मेहुणा सुटला. या कडेला मी.

"सुटा," सासूबाई म्हणाल्या.

"छे छे, आधी तुम्ही."

"अहो, सुटा!"

"तुमच्या आधी? मी?"

"अरे गाढवा, सोड!" पास्काला किंचाळली.

पण दांडा तोवर माझ्या बाजूला कलला होता. आम्ही चौघं एकमेकांना धरून, पाठमोरे, उताराखालच्या तळ्याच्या दिशेने घसरत निघालो. वाटेत सासूबाईंनी मला उद्देशून जे शब्द वापरले ते मी आजवर खेचरवाल्यांच्याच तोंडी ऐकले होते.

खाली सासरे प्लास्टरचा पाय पसरून उन्हात बसले होते.

"एवढ्यात आलात?" ते म्हणाले.

सासूबाई टोपलीत बसल्या होत्या. चोवीस एम्पनादा! खिमा, ऑलिव्ह, उकडलेली अंडी, सगळं त्यांच्या पाठीला.

आणि सगळे बोलले कुणाला? मला! अकरा वर्षं ज्यांनी हीच रीत माझ्या डोक्यात ठोकून बसवली, त्यांनीच! मी अदबीने वागलो हा गुन्हा झाला. टोपलीचं कामही सासऱ्यांकडे गेलं.

निघताना मी मुकाट्याने गाडीचं दार उघडून धरलं. सासूबाई थबकल्या.

"नको. आधी तुम्ही."

मला भरून आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्याआधी आत शिरलो. शेवटी माझी किंमत कळली म्हणायची!

"तसं काही नाही," पास्काला कानात म्हणाली. "तू मागे उभा असताना पाय उचलायची आईला भीती वाटते. पुन्हा खाली ओढशील म्हणून."