डेसिमल पेढे

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो ॲरिझोनातल्या चँडलरच्या देवधरकाकांचा. काकू काहीही सांगोत, काका ते जसंच्या तसं परत म्हणतात आणि शेवटी आडनाव जोडतात. "कोथिंबीर, दोन जुड्या. देवधर." वैमानिक कंट्रोल टॉवरला असंच उत्तर देतात म्हणे. काका रिटायर्ड इंजिनियर आणि हौशी वैमानिक.

मी जिंतूरहून एम. एस. करायला आलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. इंटरव्ह्यूत घाबरून प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायचो. काका म्हणाले, "आधी प्रश्न परत म्हण. मग तोंड उघड." परत म्हणायलाही तोंड लागतं, हे मी बोललो नाही. पण तसं केलं आणि नोकरी लागली.

गेल्या वर्षी त्यांनी अमेरिकन परवान्यावर युरोपचा परवाना काढायचं मनावर घेतलं. म्हणजे नवी मेडिकल, हवाई कायद्याचा पेपर, आणखी एक पेपर, शिवाय तिथल्या परीक्षकाला विमान उडवून दाखवायचं. रेडिओवर फ्रिक्वेन्सी सांगताना इकडे 'पॉइंट' म्हणतात, तिकडे 'डेसिमल'. सवय व्हावी म्हणून काका सगळीकडे डेसिमल म्हणू लागले. इंडियन स्टोअरमध्ये अर्धा पाउंड पेढे हवे होते, तर त्यांनी डेसिमल पाच पाउंड पेढे मागितले. काउंटरवरचा म्हणाला, "अंकल, डेसिमल नहीं है. केसर और मलाई है."

ॲरिझोनाचं एवढं मोकळं आभाळ सोडून तिकडच्या ढगांत कशाला, असं मी विचारलं. डोकं चालतं राहतं, म्हणाले.

खरं कारण काकूंनी सांगितलं. "राधा म्युनिकला गेली तेव्हा म्हणाली, बाबा, राहायला या. हे म्हणाले, तिथे माझं काय काम? तिने परत विचारलं नाही. आता हे काम काढतायत."

एप्रिलमध्ये काका परीक्षेसाठी एकटेच जर्मनीला गेले. शेवटची परीक्षा झाल्यावर काकूंचा मला फोन आला. पास झालेत, धावपट्टीजवळच्या हॉटेलात उतरलेत, रविवारी परत निघतायत. राधाचं घर तिथून जवळ आहे, पण तिला अजून कळवलेलं नाही.

मी लगेच त्यांना ईमेल लिहिली.

"ती. काका,
सा. नमस्कार.
अभिनंदन. आता तुमचं तिथलं काम संपलं. तिकीट पुढे ढकला. इथली झाडं मी बघतो, काकूंना गुरुवारी डॉक्टरकडे मीच नेणार आहे. राधाला मी काही सांगितलेलं नाही, ते तुम्हीच सांगायचंय. दार उघडल्यावर काय बोलावं सुचलं नाही, तर भूक लागलीय म्हणा.
तुमचा,
माधव"