वाळत घातलेलं पाणी

सकाळी सात वाजता अभिषेक सरांनी पाण्याचा एक रेणू ओट्यावर उन्हात वाळत घातला आणि ते मागच्या न्हाणीत अंघोळीला गेले. घोटाळा झाला तो त्या दहा मिनिटांत, आणि निस्तरता निस्तरता संध्याकाळ झाली.

रेणू घरी बनवलेला होता. भोरच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात सर सहा वर्षं तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवत होते, तिथं प्लॅस्टिकचा एक रेणू होता. पण त्याचा एक हायड्रोजन कधीतरी हरवला होता, आणि उरलं होतं त्याला कुणी पाणी म्हटलं नसतं. आज अकराला तिथल्याच कायम जागेची मुलाखत होती. आधी पंधरा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायचा, विषय 'अणू, बंध आणि पाणी'. या वेळी जागा हुकली तर पुढची जाहिरात निघेपर्यंत सरांचं वय अटीत बसणार नव्हतं. म्हणून त्यांनी आदल्या दिवशी राहत्या गावात, शिवऱ्यात, मिळेल ते सामान गोळा केलं होतं. ऑक्सिजनसाठी नारळाएवढा कोहळा. पुस्तकात ऑक्सिजन लाल असतो, म्हणून त्याला तेलात कालवलेलं कुंकू. हायड्रोजनसाठी दोन लिंबं, आणि हायड्रोजन पांढरा, म्हणून त्यांना चुना. जोडायला सायकलच्या चाकाच्या दोन तारा, आणि शेजारच्या रेणूला धरून ठेवणारा बंध दाखवायला एक काळा दोरा. शास्त्राच्या दृष्टीनं त्यात काहीही चुकीचं नव्हतं.

घरमालकीण फुलाबाई सडा टाकायला बाहेर आल्या आणि बादली हातात घेऊन दारातच थांबल्या.

"अवो, हिकडं या," त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून हळूच हाक मारली. "दार वलांडू नका. हितनंच बगा."

मानसिंगराव आले. त्यांनी कोहळा पाहिला, कुंकू पाहिलं, लिंबात घुसलेल्या तारा पाहिल्या आणि काळा दोरा पाहिल्यावर कोपऱ्यातली काठी उचलली. काठीच्या टोकानं त्यांनी त्या प्रकाराला लांबूनच दोनदा ढोसलं. तारा कोहळ्यात सरकल्या आणि दोन्ही लिंबं आडवी होऊन दोन बाजूंना गेली.

"गेनूचं काम," ते म्हणाले. "नळाचा राग काढला त्यानं."

शेजारच्या गेनूतात्यांच्या नळाची जोडणी दोन वर्षं अडलेली होती. पाइप मानसिंगरावांच्या अंगणातून न्यावा लागणार होता आणि मानसिंगराव अंगणात कुदळ मारू देत नव्हते. तात्या सत्तरीला आलेले, घरी एकटे. रोज सकाळी सायकलला दोन कॅन अडकवून चौकातल्या नळावरून पाणी आणत, आणि येता-जाता मानसिंगरावांच्या दाराकडे न बघता जात. एवढं कारण मानसिंगरावांना पुरेसं होतं.

सर टॉवेल गुंडाळून पुढं आले तेव्हा ओट्याभोवती सातआठ माणसं उभी होती आणि त्यातलं एकही ओट्यावर चढत नव्हतं.

"काका, ते माझं आहे," सर घाईनं म्हणाले. "ते पाणी आहे."

"काय म्हनला मास्तर?"

"पाणी आहे, काकू. मधला लाल आहे तो ऑक्सिजन. ही लिंबं म्हणजे हायड्रोजन. आणि दोरा असा मोकळा सोडलाय, कारण त्याला शेजारचं पाणी धरायचंय."

फुलाबाईंनी बादली खाली ठेवली.

"कोव्हळ्याला पानी म्हनतोय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "लागलं ह्याला. सकाळच्या पारी ह्योच पयला ह्याच्यावरनं गेला आसल."

सरांनी पुन्हा समजावायला सुरुवात केली. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडं ओढतो, हे त्यांनी नीट हातवारे करून सांगितलं, आणि हातवाऱ्यांनी उरलीसुरली शंकाही गेली. त्यांना ओल्या अंगानं पाटावर बसवण्यात आलं. फुलाबाईंनी मीठ, मोहरी आणि सात मिरच्या मुठीत घेऊन तीनदा ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्या दमट होत्या, त्यामुळे ठसका उठला नाही. ठसका उठला नाही म्हणजे दृष्ट जबर आहे, असं जमलेल्या बायकांचं एकमत झालं. सर "काकू, ऐका तरी" म्हणत होते आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यागणिक बायकांची खात्री पटत चालली होती.

तेवढ्यात पोलीस पाटील चिमाजीअण्णा आले. अण्णांनी आधी मोबाईल काढून चारी बाजूंनी फोटो घेतले, गावाच्या ग्रुपवर टाकले आणि मग बोलायला सुरुवात केली.

"ह्याच्यावर आता कायदा झालाय," ते म्हणाले. "असलं ठेवून लोकास्नी भ्या दाकवलं की सरळ आत. ज्यानं ठिवलं त्याला म्या चौकीला न्हेनार. मग तो कुनी का आसंना."

पाटावर बसलेल्या सरांचं "ऐका तरी" थांबलं. पाच मिनिटांपूर्वी ते खरं सांगत होते आणि कुणी मानत नव्हतं. आता अण्णा कदाचित मानतील, ही भीती होती. पाण्याचा रेणू बनवला म्हणून जादूटोण्याच्या कायद्याखाली शिक्षक आत, ही बातमी भोरला पोचायला त्यांच्या एसटीपेक्षाही कमी वेळ लागला असता. घड्याळात आठ वाजून गेले होते. एसटी पावणेनऊला होती.

गेनूतात्यांना बोलावणं गेलं. ते सायकल तशीच हातात धरून आले. कॅनमधून पाणी ठिबकत होतं.

"म्या कशाला ठिवू?" तात्या म्हणाले. "लिंबू धा रुपयाला दोन झालंय. म्या भाजीत पिळत न्हाई, ह्याच्या दारात कुठनं ठिवू?"

"मग कुनी ठिवलं? सोता चालत आलं व्हय?" मानसिंगरावांनी काठी आपटली.

तात्यांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांची नजर सरांवर थांबली. चेहरा जरा सैल पडला.

"मास्तर, तुमी शिकल्यालं मानूस. तुमीच सांगा ह्यास्नी, आसलं काय नसतंय. म्या सांगितल्यालं न्हाई ऐकायचं, तुमचं ऐकतील."

सगळे सरांकडे बघू लागले. सरांनी तोंड उघडलं. ओठांवर आलं होतं, की अण्णा, मी ठेवलंय. समोर अण्णांचा मोबाईल होता, भिंतीवर घड्याळ होतं आणि सहा वर्षं तासावारी घासलेला खडू होता.

"मला भोरला जायचंय," ते म्हणाले. "उशीर होतोय."

"बगा," अण्णा म्हणाले. "मास्तर बी बोलंना झाला."

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली, पण सरांना बाहेरचं काही दिसलं नाही. आपण नीच आहोत असं त्यांना साध्या शब्दांत वाटत होतं. तात्या परवाच त्यांना ताकाचा तांब्या देऊन गेले होते. कापूरहोळला खिशातला मोबाईल वाजला. ग्रुपवर कोहळ्याचा फोटो होता, खाली एकवीस हात जोडलेले होते, आणि त्याखाली अण्णांचं वाक्य होतं: 'संशयित ताब्यात.'

वर्गात अकरावीची तीस मुलं बसवली होती आणि मागच्या बाकावर निवड समितीचे तिघं. अध्यक्ष सुलक्षणा मॅडम होत्या. निवृत्त प्राचार्या, तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या. त्यांच्यासमोर फळ्यावर चुकीचा बाण काढलेले किती उमेदवार घरी गेले याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती.

सरांनी हातातल्या खडूनंच पाठ घेतला. अणू कशाचा बनतो, बंध कसा होतो, पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन का असते, आणि म्हणून एक रेणू दुसऱ्याला कसा धरून ठेवतो. झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढतं ते या धरून ठेवण्यामुळं. मीठ विरघळतं ते यामुळं, रक्तातून अन्न वाहतं तेही यामुळं. सहा वर्षांत शंभर वेळा सांगितलेलं होतं, ते आजही बिनचूक आलं. मॅडम टिपून घेत होत्या आणि एकदा तर मान हलवल्यासारखी वाटली.

"चांगलं होतं," पाठ संपल्यावर मॅडम म्हणाल्या. "प्रतिकृती मात्र आणली नाहीत. असो. एक वेगळा प्रश्न विचारते." त्यांनी पर्समधून मोबाईल काढला आणि पडद्यावर बोट फिरवलं. "हा फोटो सकाळपासून मला तिघांनी पाठवला. शिवऱ्याचा आहे म्हणे. कुणा म्हाताऱ्याला त्यासाठी धरलंय. विज्ञानाचे शिक्षक म्हणून मुलांना तुम्ही याबद्दल काय सांगाल?"

मोबाईल पहिल्या बाकापासून फिरू लागला. यापेक्षा सोपा प्रश्न मुलाखतीत कुणाला आला नसेल. अंधश्रद्धेवर चार खणखणीत वाक्यं बोलायची की नोकरी हातात होती. वाक्यं सरांना पाठही होती. पण ती म्हणायला गेले तर डोळ्यांपुढं तात्यांचे ठिबकणारे कॅन आले.

"मॅडम," ते म्हणाले, "ते मी बनवलंय. ती माझी प्रतिकृती आहे. मी ओट्यावर वाळत घातली होती. सांगायला गेलो तर कुणी मानलं नाही, आणि मानतील असं वाटलं तेव्हा मी गप्प बसलो. त्या म्हाताऱ्या माणसाचा काही संबंध नाही."

समितीतल्या एका गृहस्थांनी पेनाचं टोपण लावून टाकलं. सरांनी मनातल्या मनात जागेवर पाणी सोडलं.

"सर," पहिल्या बाकावरची प्रेरणा उभी राहिली. मोबाईल तिच्या हातात होता. "हे पाणी आहे ते कळलं मला. पण कोन चुकलाय."

"कोन?"

"लिंबं सरळ रेषेत आहेत. एकशे साडेचार अंश पाहिजेत. असं सरळ असेल तर दोन्ही बाजू सारख्या होतील, मग एक टोक ऋण, एक धन असं राहणारच नाही. मग हे पाणी शेजारच्या पाण्याला धरणार नाही." ती जरा थांबली. "मग झाडं वाळतील, सर. आपण पण."

"कोन बरोबर होता," सर दुखावल्या आवाजात म्हणाले. "कोनमापक लावून केला होता. घरमालकांनी काठीनं ढोसला."

सुलक्षणा मॅडमनी मोबाईल मागून घेऊन फोटो पुन्हा पाहिला. मग त्यांनी प्रेरणाला विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?"

"सरांनीच. मागच्या महिन्यात."

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "पाठाला मी गुण दिलेत, ते बदलणार नाही. पण जो माणूस दुसऱ्यावर आळ येताना गप्प बसतो त्याच्या हाती मी वर्ग देणार नाही. गावात जा. सगळ्यांसमोर खरं सांगा. संध्याकाळी सहाच्या आत पोलीस पाटलांचा मला फोन आला पाहिजे. आला तर तुमचं नाव यादीत वर जाईल. नाही आला तर दुसऱ्याचं."

परतीची एसटी सव्वातीनला होती, ती चारला आली आणि घाट नसलेल्या रस्त्यावरही घाटात असल्यासारखी चालली. सर शिवऱ्याला उतरले तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. ते जवळजवळ पळतच गल्लीत शिरले आणि थबकले.

मानसिंगरावांच्या घराची दारंखिडक्या लावलेल्या होत्या. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चर खणलेली होती, चरीत नवा कोरा पाइप होता आणि गेनूतात्या एकटेच फावड्यानं माती लोटत होते.

"तात्या, तुम्ही सुटलात?"

"धरलं कवा व्हतं?" तात्यांनी कपाळाचा घाम पुसला. "तुमी गेलासा, पाटील म्हनले चल चौकीला. म्हनलं चला. तवर मानसिंगनं मला गोठ्यामागं न्हेलं. हात जोडून म्हनला, गेनूभाऊ, ह्ये काडून घ्यायचं काय घेशील? म्या बगितलं त्याच्याकडं. म्हनलं, नळ."

"म्हणजे तुम्ही कबूल केलंत?"

"म्या व्हय बी म्हनलो न्हाई आन् न्हाई बी म्हनलो न्हाई. नुस्तं म्हनलो, नळ. पाटील म्हनले, तक्रार न्हाई तर गुन्हा कशाचा. कोव्हळा म्या उचलला आन् घरी न्हेला. दुपारी भाजी केली, कुंकू धुऊन. पाइप दोन वरीस पत्र्याखाली पडून व्हते, ते आनले. बाधा नगं म्हनून दिवस मावळंस्तवर दार उघडनार न्हाई म्हनलाय मानसिंग."

सर चरीच्या कडेला बसले. त्यांनी तात्यांना सगळं सांगितलं. रेणू, मुलाखत, मॅडम, सहा वाजायची अट, आणि सकाळी आपली जीभ का वळली नाही तेही. सांगताना त्यांना वर बघवेना. तात्या फावड्यावर हात ठेवून ऐकत होते.

"मंग सांगा की," तात्या शेवटी म्हणाले. "खरं हाय तर सांगायचंच. पर माती पडंस्तवर दम धरा. उगडा पाइप मानसिंग तासात उपसून काडंल. बुजिवल्याला न्हाई काडायचा. त्याला अंगनात कुदळ लावल्याली आवडत न्हाई."

घड्याळात पाच चाळीस झाले होते. चर अर्धीअधिक उघडी होती. सरांनी एकदा पाइपाकडं पाहिलं, एकदा बंद दाराकडं पाहिलं आणि मोबाईल काढला.

"मॅडम, अभिषेक बोलतोय. मला थोडा वेळ वाढवून हवाय."

"का? धीर होत नाही?"

"धीर झालाय. पण मी आत्ता खरं सांगितलं तर तात्यांचं पाणी जाईल. चर बुजायची राहिलीय." आणि त्यांनी नळाची हकिकत पहिल्यापासून सांगितली. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. जागा गेली, हे सरांना कळून चुकलं. तात्यांकडं बघून त्यांनी हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

"किती फूट राहिलीय?" मॅडमनी विचारलं.

"वीस-बावीस असेल."

"माती लोटायला माणसं किती?"

"तात्या एकटेच आहेत."

"मग तुम्ही फोनवर काय बोलत उभे आहात?" मॅडम म्हणाल्या. "फावडं घ्या."